व्याहीबुवांचं गाणं

"म्हणजे गायचं मुलानं?" कुमुदआत्यानं पुन्हा एकदा खात्री करून घेतली. "आणि मुलीचा बाप समोर बसून ऐकणार?"

"हो, आत्या."

"आणि पोहे?"

"पोहे नाहीत. बटाट्याच्या तळलेल्या फोडी मागवल्यात."

"चालेल," आत्या म्हणाली. तिनं इरकली साडीचा पदर स्वेटरवरून सारखा केला आणि त्या लाल रेक्झिनच्या कोचावर ऐसपैस मांडी घातली. "मला बघायला आले तेव्हा आधी गाणं म्हणायला लावलं आणि मग चालून दाखवायला सांगितलं. तुला चालायला सांगितलं तर पाय जरा सरळ टाक. बदकासारखा चालतोस."

समोर बसलेली मिसाको खुदकन हसली. तिला मराठी येतं हे आत्या सोयीनुसार विसरायची. मिसाकोच्या शेजारी तिचे वडील, तेरादासान, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते. त्यांना मराठी येत नव्हतं, आणि जपानीही ते फारसं वापरत नसत.

ही गोष्ट शहाण्णव सालची. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एक लहानसं मच्छीमारी गाव, आणि त्या गावातलं एकुलतं एक कराओकेचं दुकान. दुकान म्हणजे लहान लहान बिनखिडक्यांच्या खोल्या. प्रत्येक खोलीत एक टीव्ही, दोन माइक आणि टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाडजूड गाण्यांचं पुस्तक. पुस्तकातला नंबर रिमोटवर दाबला की नुसतं संगीत सुरू व्हायचं, शब्द पडद्यावर यायचे, गायचं ज्याचं त्यानं. लोक इथं जेवणं उरकून यायचे, आम्ही मात्र भर दुपारी चारला जमलो होतो. तेरादासानांचं तोफूचं दुकान होतं. तोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. ते रोज पहाटे करायचं, त्यामुळे दिवेलागणीला त्यांचे डोळे मिटायला लागत.

मिसाको पुण्यात जपानी शिकवायला आली होती आणि तिच्या वर्गात सगळ्यात ढ मी होतो. ढ विद्यार्थ्याकडे शिक्षकांचं जास्त लक्ष जातं म्हणतात, ते खरं आहे. दोन वर्षांनी आम्ही लग्नाचं ठरवलं. ठरवलं म्हणजे आमच्यापुरतं. मिसाकोला आई नव्हती, भावंडं नव्हती. वडिलांनी 'हो' म्हटल्याशिवाय ती पुण्याला यायची नाही, हे तिनं मला स्वच्छ सांगून टाकलं होतं. आणि वडील पत्रातून एवढंच म्हणाले होते, "घेऊन ये. बघतो."

त्यांचं बघणं सोपं नव्हतं. आधी सांगून आलेल्या एका बँकवाल्याला आणि एका दंतवैद्याला त्यांनी याच दुकानात आणलं होतं आणि घरी गेल्यावर दोघांनाही नकार कळवला होता. कारण विचारलं तर म्हणाले, "गाणं ठीक होतं." एवढ्यावरून मी माझ्यापुरता निष्कर्ष काढला की म्हाताऱ्याला नुसतं ठीक गाणं चालत नाही.

माझ्या बाजूनं आत्या आली होती. बाबा गेल्यापासून आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा असे. ती सांगलीत टायपिंगचा क्लास चालवायची आणि बोलायचीही त्याच वेगानं. आईचे गुडघे दुखत होते. ती म्हणाली, "वन्संनी पाहिलं म्हणजे मी पाहिलं." तेव्हा आत्या जन्मात पहिल्यांदा विमानात बसली, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि लोकरीचे दोन जोड मोजे घेऊन.

"व्याहीबुवा बोलत का नाहीत?" आत्यानं विचारलं.

"आत्या, अजून व्याही झाले नाहीत ते!"

"होतील की. आणि नाही झाले तर त्यांना कुठं कळतंय मी काय म्हणते ते?"

कोंडी फोडावी म्हणून मिसाकोनं एक खेळ सुचवला. जपानी पोरं तो खेळतात. एकानं शब्द सांगायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानं पुढचा. शब्द पाय मोडलेल्या 'न्'वर संपला की सांगणारा हरला, कारण नुसत्या 'न्'वरून त्यांच्यात शब्दच सुरू होत नाही.

"अगं, ह्या तर भेंड्या!" आत्या सरसावून बसली. "आमच्यात 'ण' आला की पंचाईत. मग आम्ही 'न' घेतो. कुणाला हरवायचं नसतं, खेळ पुढं जायला हवा."

इथं एक सांगायला हवं. भेंड्यांमध्ये आत्याला आजवर कुणी हरवलेलं नव्हतं. वऱ्हाडाच्या बसमध्ये ती ज्या बाजूला बसेल ती बाजू जिंकायची. याचं गुपित घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. अडली की आत्या जागच्या जागी ओवी रचायची आणि "जुनी आहे, तुमच्या जन्माआधीची," असं बेधडक ठोकून द्यायची. तिला खोटं पाडायची हिंमत कुणाच्या बापात नव्हती.

मिसाकोनं चेरीच्या फुलापासून सुरुवात केली, "साकुरा."

"राजगिरा," आत्या म्हणाली.

तेरादासानांनी छताकडे पाहिलं. थोड्या वेळानं अगदी हळू म्हणाले, "राप्पा."

राप्पा म्हणजे भोंगा, मिसाकोनं सांगितलं. पूर्वी तोफूवाला सायकलवरून गल्लीत आला की वाजवायचा. बाबांचा भोंगा अजून दुकानात खिळ्याला टांगलेला आहे.

"वा!" आत्यानं गुडघ्यावर थाप मारली. "म्हणजे आता माझ्यावर 'प' आला. 'प'वर मी शब्द देत नाही, गाणंच म्हणते. थांबा हं, एक जुनी ओवी..."

"आत्या, नंतर," मी म्हणालो. "आधी ज्यासाठी आलोय ते होऊ दे."

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की क्लासमधली एखादी पोरगी रडली असती. पण माझा जीव माझ्या गाण्यात अडकला होता. तीन महिने मी ते गाणं घोटत होतो. मोटारसायकलवर, आंघोळ करताना, आणि विमानात तर आत्यानं शेवटी कानांत कापूस घातला. मिसाकोला मी एकदा सहज विचारल्यासारखं करून विचारलं होतं, "तुझ्या बाबांना सगळ्यात कुठलं गाणं आवडतं?" तिनं सांगितलं. बंदरावरच्या दिव्याचं एक जुनं गाणं, तीन कडव्यांचं. मी गुपचूप कॅसेट मिळवली. आपल्याकडे व्याह्याला पुरणपोळी आवडते म्हटल्यावर माणूस पुरणपोळीच करतो. मी तेच करत होतो.

आधी मिसाकोनं लहान मुलांचं एक गाणं म्हटलं. ते कसलं होतं हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मी ओठांतल्या ओठांत माझं दुसरं कडवं म्हणत होतो. आत्या मात्र एक अक्षर कळत नसताना मांडीवर ठेका धरून बसली होती आणि मधेच "ओहो!" म्हणत होती. तेरादासान आळीपाळीनं तिच्याकडे आणि माझ्याकडे पाहत होते.

मग मी उभा राहिलो आणि ऐटीत नंबर दाबला.

पडद्यावर बंदर आलं आणि मिसाकोच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिनं हात किंचित वर केला, पुन्हा खाली घेतला. मला वाटलं, पोरगी भारावली. मी गायलो. सूर चुकवला नाही, शब्द चुकवला नाही, तिन्ही कडवी एका दमात पार केली आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

"छान म्हणता," तेरादासान म्हणाले. मग त्यांनी गाण्यांचं जाड पुस्तक मिटलं, त्यावर रिमोट सरळ रेषेत ठेवला आणि कोट हातात घेतला.

"काय झालं?" मी मिसाकोला मराठीत विचारलं.

"ते बाबांचं गाणं आहे, उन्मेष."

"म्हणून तर म्हटलं!"

"आवडतं नाही रे. बाबांचं आहे! इथं प्रत्येकाचं एक गाणं असतं. तो समोर असला की ते दुसरं कुणी म्हणत नाही. गावात कुणाचीही हिंमत नाही. बाबा ते शेवटी म्हणतात, सगळ्यांचं झाल्यावर. आता ते काय म्हणणार?"

तीन महिने खपून मी व्याह्याच्या पानातली पुरणपोळी उचलून त्याच्यादेखत खाल्ली होती, आणि वर ढेकर देऊन नमस्कारही केला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मिसाको मान खाली घालून बसली होती आणि तेरादासानांचा एक हात कोटाच्या बाहीत गेला होता. तो दुसऱ्या बाहीत गेला की माझं लग्न मोडलं, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

"मला कुणी सांगणार आहे का?" आत्या कडाडली.

मी घाईघाईनं सांगितलं. वाटलं, आता आत्या कपाळाला हात लावेल. तिनं हात लावला, पण माझ्या कानाला. उजव्या कानाची पाळी चांगली चिमटीत धरली.

"आई गं! आत्या!"

"गप्प! धरू दे. आणि मिसाको, त्यांना सांग. म्हणावं, आमच्या मिरज-सांगलीकडे गाणं म्हणजे काय ते लोकांना कळतं. तिथं गुरूची चीज गुरूपुढं म्हणायची झाली तर शिष्य आधी कान पकडतो. म्हणजे हे माझं नाही, तुमचं आहे, तुमच्या परवानगीनं म्हणतो. हा गाढव कान पकडायला विसरला, म्हणून मी धरलाय. गाणं मिरवायला म्हटलं नाही त्यानं. शिकून आणलंय, आता चुका काढा म्हणावं."

मिसाकोनं सगळं सांगितलं. गाढव हा शब्दही तिनं गाळला नाही. तेरादासान एक बाही घातलेल्या अवस्थेत माझ्या कानाकडे बघत राहिले.

"एक कान की दोन्ही?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"एक पुरतो," आत्या म्हणाली. "पण याचे दोन्ही धरायचे असले तर माझी ना नाही."

हे ऐकून तेरादासानांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी बाहीतला हात बाहेर काढला, कोट घडी करून ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"दुसरं कडवं," ते म्हणाले. "दिवा विझतो, तिथं तुम्ही थांबत नाही. लगेच पुढं जाता. दिवा विझला की माणूस क्षणभर थांबतो ना? अंधार दिसायला वेळ लागतो."

आणि त्यांनी नंबर दाबला.

त्यांचा आवाज काही गोड नव्हता. धुरकट, जरा फाटलेला. पण ते गायला लागले आणि मला माझ्या तीन महिन्यांची लाज वाटली. मी शब्द पाठ केले होते, हा माणूस त्या बंदरावर उभा होता. दुसऱ्या कडव्यात दिवा विझला तेव्हा ते थांबले. संगीत पुढं गेलं, पडद्यावरचे शब्द रंग बदलून पुढं गेले, पण ते थांबले, आणि आत्याचा मांडीवरचा हात वरच्या वर थांबला. आता माझ्याजवळ घोकायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे म्हणा किंवा कशामुळे म्हणा, त्या दिवशी पहिल्यांदा मी ऐकत होतो.

गाणं संपलं. आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "शब्द कळला नाही एक," ती म्हणाली, "पण कुणीतरी लांब गेलंय, एवढं कळलं."

मिसाकोनं ते भाषांतर केलं. तेरादासानांनी तोच नंबर पुन्हा दाबला आणि माइक दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "घ्या."

मी आपण होऊन कान पकडला आणि गायलो. दिवा विझला तिथं थांबलो. तेरादासान डोळे मिटून बसले होते. संपल्यावर ते उठले. कोट घातला, आत्याला कमरेत वाकून नमस्कार केला आणि झोपायची वेळ झाली म्हणून घरी निघून गेले.

"नापास," मी दुकानाबाहेर येऊन म्हणालो.

मिसाको रडत होती आणि हसतही होती. "मठ्ठ आहेस तू. त्यांनी गाणं दिलं तुला."

"दिलं म्हणजे?"

"आता ते तुझं. बाबा ते परत म्हणणार नाहीत." तिनं नाक पुसलं. "जाताना मला दारात म्हणाले, बँकवाला मी गात असताना पुस्तकात स्वतःचं पुढचं गाणं शोधत होता. दंतवैद्य घड्याळ बघत होता. हाही आधी तसाच, पण नंतर ऐकायला लागला. आणि म्हणाले, मुलगा कच्चा आहे, पण आत्या पक्की आहे. तिच्या हाताखाली तयार होईल."

मला आनंदानं नाचावंसं वाटत होतं. समुद्राकडून गार वारा येत होता आणि आत्या मात्र मफलर गुंडाळून रस्त्यात उभीच राहिली.

"या माणसाकडं होतं काय रे?" शेवटी ती म्हणाली. "एक लेक आणि एक गाणं. दोन्ही आज देऊन बसला. आणि आपण काय दिलं?"

"मेतकूट दिलंय की."

"गप्प बस. शेजारणीनं वाटीभर आमटी पाठवली तरी आपण वाटी रिकामी परत करत नाही. आणि या माणसाला रिकाम्या हातानं झोपायला पाठवलं!"

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्यानं आम्हा दोघांना उठवून तोफूच्या दुकानात नेलं. आत पांढरी वाफ भरली होती. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेले तेरादासान मोठ्या कढईतलं सोयाबीनचं दूध ढवळत होते. जात्यातून भिजलेले दाणे दळून पडत होते आणि भिंतीवर तो भोंगा टांगलेला होता.

"व्याहीबुवा," आत्या म्हणाली, आणि या वेळी मी तिला अडवलं नाही. "काल तुमचा भोंगा 'पा'वर संपला. भेंडी माझ्यावर होती. या गाढवानं म्हणू दिलं नाही. आता ऐका."

आणि जात्याच्या घरघरीवर तिनं आवाज लावला:

*पहाटेच्या पारी बाप दाणं दळितो, दळितो,*
*लेक दूरदेशी देता डोळं वाफेत पुशितो.*

"जुनी आहे," आत्यानं सवयीनं सांगितलं. मी काही बोललो नाही.

मिसाकोनं पहिली ओळ जपानीत सांगितली. दुसऱ्या ओळीशी ती अडली. तेरादासानांनी विचारलंही नाही. ते आमच्याकडे पाठ करून बराच वेळ कढई ढवळत राहिले, आणि वाफ खूप होती.

मग ते वळले. "पुन्हा एकदा," म्हणाले.

सकाळ होईपर्यंत आत्या त्यांना ती ओवी शिकवत होती. 'ळ' त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. पण जेव्हा त्यांनी ती पहिल्यांदा सबंध म्हटली, तेव्हा चमचा खाली ठेवून आधी उजव्या कानाची पाळी चिमटीत धरली. आत्यानं पदर डोळ्यांना लावला आणि वाफेला नावं ठेवली.

आमचं लग्न सांगलीत झालं. तेरादासान त्यानंतर बरीच वर्षं जगले. आम्ही जपानला गेलो की ते आम्हाला त्याच कराओकेच्या दुकानात नेत, बंदराच्या गाण्याचा नंबर स्वतः दाबत आणि माइक माझ्या हातात देत. ते गाणं त्यांनी पुन्हा कधीही म्हटलं नाही. दुसऱ्या कडव्यात मात्र त्यांचे ओठ हलताना मी दोनदा पाहिले. सगळ्यांचं झाल्यावर ते टीव्हीचा आवाज बंद करत, कारण त्यांचं गाणं पुस्तकात नव्हतं. उभे राहत, कान पकडत आणि मोडक्या मराठीत ती ओवी म्हणत. गावानं त्यांचं हे नवं गाणं मान्य केलं होतं. ते समोर असताना दुसरं कुणी ते म्हणत नसे. आणखी कुणाला ते येत असेल असंही मला कधी वाटलं नाही.

ते गेले तेव्हा सगळे विधी झाल्यावर त्यांचे म्हातारे मित्र मला आणि मिसाकोला त्याच दुकानात घेऊन गेले. सगळे मच्छीमार, रापलेल्या चेहऱ्यांचे, काळ्या कोटांत अवघडलेले. त्यांच्यातल्या थोरल्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. सगळे उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं.

पहाटेच्या पारी बाप.

मला आधी खरंच वाटेना. मग मी खिशातून मोबाइल काढला आणि सांगलीला लावला. "आत्या, बोलू नकोस. नुसतं ऐक."

त्यांनी ती दोनदा म्हटली. एवढा वेळ आत्या गप्प राहिल्याचं मला आठवत नाही.

"'ळ' कुणालाच येत नाही," शेवटी ती म्हणाली. "जसा गुरू तसे चेले. उन्मेष, एक बघ. कान पकडलाय का कुणी?"

मी वर पाहिलं. मिसाकोही तिकडंच बघत होती आणि तिला रडू आवरत नव्हतं. त्या म्हाताऱ्यांना कान पकडण्याचा अर्थ कुणी सांगितलेला नव्हता. त्यांना वाटत होतं, हे गाणं असंच म्हणायचं असतं.

"सगळ्यांनी, आत्या," मी म्हणालो.